घरात एक कॅथलिक, एक प्रोटेस्टंट: तारण आणि उपासना यावर बोलायचं कसं

मुंबईत मराठी ख्रिस्ती घरांमध्ये अशी लग्नं आता सर्रास होतात, एक बाजू नगर-जालन्याकडून येऊन भायखळा, गिरगाव, परळला स्थिरावलेली प्रोटेस्टंट आणि दुसरी वसईची नाहीतर कुर्ला-मरोळच्या गावठाणातली ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबई परिसरातली मूळची मराठी) कॅथलिक. माझं माहेर पहिलं आणि सासर दुसरं. साखरपुड्यापर्यंत सगळं गोड चालतं आणि मग कुठल्यातरी जेवणाच्या टेबलावर कोणीतरी म्हणतं "तुमच्यात मरियामातेला मानत नाहीत ना?" किंवा "तुम्ही लोक मेणबत्त्या लावून स्वर्ग मिळवता", आणि तिथून जे सुरू होतं ते लग्नानंतरही वर्षानुवर्षं संपत नाही. हे वाद टाळा असं मी अजिबात सांगणार नाही, कारण विषय तारणाचा, म्हणजे पापातून सुटका होऊन देवाजवळ जाण्याचा आहे, यापेक्षा मोठा विषय ख्रिस्ती माणसाच्या आयुष्यात दुसरा नाही. पण घालायचाच तर नीट घालावा, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात आधी समोरचा प्रोटेस्टंट कुठला ते विचारा. कॅथलिक मंडळी इथेच घसरतात, त्यांना वाटतं प्रोटेस्टंट म्हणजे एकच काहीतरी. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) १९७० साली नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन झालं, त्यात अँग्लिकन पण आहेत आणि बाप्टिस्ट पण. फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल आज त्याच सीएनआयचं आहे, तिथली उपासना बघून माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा मिस्साच, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासनाच वाटली. आपल्याकडचे मेथॉडिस्ट बहुतेक वेगळेच राहिले, आणि पेंटेकॉस्टल तर पूर्ण निराळी गोष्ट. लूथर आणि झ्विंग्ली या सुरुवातीच्या प्रोटेस्टंट पुढाऱ्यांचं १५२९ मध्ये मारबुर्गला प्रभुभोजनावरूनच, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीवरूनच फाटलं होतं, म्हणजे हे आपसातले मतभेदही तेव्हापासूनचे. तेव्हा लूथर काय म्हणाला यावर भांडत बसण्यापेक्षा समोर बसलेली व्यक्ती काय मानते ते तिच्याच तोंडून ऐका. प्रोटेस्टंटांनाही हेच सांगेन, सासूबाई जे करतात ते सगळं कॅथलिक चर्चची शिकवण असेलच असं नाही.

आमच्याकडे एक नियम आम्ही पाळतो आणि तो खरंच कामाचा आहे. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दात सांगायचं, आणि तो "हो, हेच म्हणतोय मी" म्हणाला तरच पुढे जायचं. सुरुवातीला फार चिडचिड होते, पण अर्धे वाद तिथेच गळतात कारण आपण ज्याच्याशी भांडत होतो ते समोरचा मानतच नसतो.

आता तारण. प्रोटेस्टंट घरात लहानपणापासून ऐकलेलं असतं की कॅथलिक लोक चांगली कामं करून तारण कमावतात. तर १५४७ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने नीतिमान ठरण्याविषयी जो निर्णय दिला त्यातला पहिलाच नियम म्हणतो की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेशिवाय माणूस स्वतःच्या कामांनी देवापुढे नीतिमान ठरतो असं जो म्हणेल तो बहिष्कृत. आणि ही परिषद लूथरच्या विरोधात भरलेली! म्हणजे कृपा पाहिजे यावर वाद नाहीच. तसंच कॅथलिक लोकांनी "एकदा विश्वास ठेवला की मग काही पण करायला मोकळे" हे वाक्य बंद करावं, कारण इफिसकरांस पत्रातल्या ज्या दुसऱ्या अध्यायातली ८वी-९वी ओळ (तारण कृपेने, विश्वासाद्वारे, कामांनी नाही) आम्ही पाठ म्हणतो त्याच्या लगेच पुढची १०वी ओळ सांगते की आपण सत्कृत्यांसाठीच निर्माण झालोय, आणि कुठलाही नीट शिकलेला पाळक उपदेशात हेच सांगतो की खरा विश्वास कामांतून दिसल्याशिवाय राहत नाही.

मग खरा फरक कुठे आहे? माझ्या मते दोन जागी. पहिला म्हणजे नीतिमान ठरणं म्हणजे नेमकं काय होतं. लूथर आणि त्याच काळातला दुसरा सुधारक कॅल्विन यांच्या वाटेने जाणारे म्हणतात देव ख्रिस्ताचं नीतिमत्त्व आपल्या खात्यावर धरतो आणि आपल्याला निर्दोष जाहीर करतो, आतला बदल त्यानंतर आयुष्यभर चालतो पण ती वेगळी गोष्ट. कॅथलिक म्हणतात देव जाहीर करतो तेव्हा आतून बदलतोही, ती कृपा माणसात राहते, वाढते, आणि गंभीर पापाने हरवतेही, मग कन्फेशनला जाऊन, म्हणजे फादरपुढे पाप कबूल करून परत मिळते. त्यामुळे कन्फेशन, सात संस्कार, शुद्धीस्थान (स्वर्गात जाण्याआधी मरणानंतर शुद्ध होणं) हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे, त्यातला एक धागा ओढून "हे कुठून आणलं" विचारलं तर उत्तर अर्धवटच मिळणार, आधी ही मूळ गोष्ट समजून घ्या.

दुसरा फरक खात्रीचा, आणि घरात जखमा याच्याने होतात. माझ्या माहेरच्या एका नातेवाईकांनी लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत सासूबाईंना विचारलं, "तुमचं तारण झालंय का?" आमच्याकडे हा प्रश्न प्रेमाने विचारतात, खरंच काळजीने. सासूबाईंचा चेहरा एकदम पडला. रोज सकाळी मिस्साला जाणाऱ्या, वस्तीतल्या कुणाच्याही मयताला पहिल्या पोचणाऱ्या बाईला ते ऐकू आलं की तू ख्रिस्ती तरी आहेस का. आणि त्या म्हणाल्या "ते देव ठरवेल, मी कोण सांगणारी?" तर आमच्या माणसांना वाटलं बघा, यांना खात्रीच नाही. ट्रेंटने म्हटलंय की देवाने खास प्रकट केल्याशिवाय आपण शेवटपर्यंत टिकणारच असं कोणी ठामपणे म्हणू नये, म्हणून त्यांच्या कानाला "माझं तारण झालंय" हा गर्व वाटतो. आमच्या कानाला तो ख्रिस्ताच्या क्रुसावरचा भरवसा आहे, स्वतःवरचा नाही. हे दोघांनी लग्नाआधी आपापल्या घरी बसून समजावून सांगा, प्लीज, खूप रडारड वाचेल.

यावर एकत्र वाचायचं असेल तर रोमकरांस पत्राचा तिसरा-चौथा अध्याय आणि याकोबाचा दुसरा, दोन्ही एकाच संध्याकाळी, सलग, मोठ्याने. रोमकरांस पत्र लिहिणारा पौल आणि याकोब, दोघेही अब्राहामाचंच उदाहरण देतात. पौल उत्पत्तीच्या १५व्या अध्यायातला अब्राहाम घेतो, ज्याने नुसता विश्वास ठेवला, आणि याकोब तिथून पुढे २२व्या अध्यायापर्यंत जातो जिथे अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, वेदीवर ठेवतो. ओळी तोडून एकमेकांवर फेकल्या तर वाद कधीच संपत नाही, अख्खं वाचलं तर निदान प्रश्न काय आहे ते दिसतं. आणि ज्यांना वाटतं की पाचशे वर्षांत काही हललंच नाही त्यांनी हे लक्षात घ्या की ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लूथरन वर्ल्ड फेडरेशनने याच विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, २००६ मध्ये जागतिक मेथॉडिस्ट परिषद त्यात आली आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड चर्चेसची जागतिक संघटना. सगळे लूथरन त्यात नाहीत आणि सगळे फरक मिटले असं त्यातही लिहिलेलं नाही, पण मूळ गोष्टींवर एकमत आहे आणि जुने बहिष्कार आजच्या या शिकवणीला लागू होत नाहीत इतकं म्हटलंय, आणि ते मला फार मोठं वाटतं.

वाचायला बसताना बायबल कुठलं घेताय ते बघा. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं, आमच्यात ६६. तोबीत, यहूदीथ, बारूख, मक्काबी वगैरे सात जुन्या करारातली जास्तीची. दीर मृतांसाठी प्रार्थनेला दुसऱ्या मक्काबीच्या १२व्या अध्यायाचा दाखला देतो आणि माझा भाऊ पानं उलटून म्हणतो असं पुस्तकच नाही, मग दोघांना वाटतं समोरचा फसवतोय. सोपा उपाय म्हणजे दोघांना मान्य असलेल्या ६६ मधलाच दाखला वादात धरायचा.

उपासनेचा वाद बहुतेक वेळा मरियेपासूनच सुरू होतो. सप्टेंबरात बांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेला पहिल्यांदा जाणारा प्रोटेस्टंट चढावरच्या स्टॉलवर मेणाचे हात, पाय, छोटं घर, बाळ बघतो आणि त्याचा जीव गोंधळतो, माझाही गोंधळला होता. दुखणारा पाय बरा व्हावा म्हणून मेणाचा पाय, घर हवं म्हणून मेणाचं घर. अशा वेळी तिथेच उभं राहून "ही मूर्तिपूजा आहे" म्हणू नका. एक तर आपण मुंबईत राहतो, शेजारी गणपती बसवणारे आहेत, हा शब्द आपण शिवीसारखा वापरला की दोन्हीकडे लागतो. दुसरं म्हणजे कॅथलिक शिकवणीत देवाची आराधना आणि संतांचा सन्मान यात स्पष्ट भेद आहे, ७८७ च्या दुसऱ्या निकिया परिषदेने तो प्रतिमांच्या बाबतीत मांडलाय. त्यापेक्षा सरळ विचारा, "तू मरियेकडून मागतेस की तिला तुझ्यासाठी मागायला सांगतेस?" रोजरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, मरियेच्या प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी तिला आम्हा पाप्यांसाठी विनंती करायलाच सांगतात. हे ऐकल्यावर प्रोटेस्टंटाने आपला खरा मुद्दा मांडावा, की १ तीमथ्य २:५ प्रमाणे मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू, आणि देवाघरी गेलेल्यांना हाक मारायला शास्त्रात आधार दिसत नाही. कॅथलिक म्हणेल आपण एकमेकांना प्रार्थनेची विनंती करतोच ना, मग स्वर्गातल्यांना का नको. इथे मतभेद उरतो आणि तो खरा आहे. मी आजही मरियेकडे प्रार्थना करत नाही, पण मे महिन्यात गावठाणातल्या क्रुसापाशी रोजरी असते तेव्हा मी सगळ्यांसोबत बसते, प्रभूची प्रार्थना येते तेव्हा मनापासून म्हणते आणि बाकी वेळ गप्प राहते. कोणी कधी काही बोललं नाही.

कॅथलिकांनी मात्र "तुम्ही मरियेला मानत नाही" हे सोडून द्यावं. कुमारी मरियेपासून जन्मला हे आम्ही विश्वासांगीकारात तुमच्याइतकंच म्हणतो. १८५४ चा निष्कलंक गर्भधारणेचा (मरिया स्वतः मूळ पापाविना गर्भात आली) आणि १९५० चा तिच्या स्वर्गारोहणाचा (ती शरीरासह स्वर्गात घेतली गेली) सिद्धांत आम्ही मानत नाही, कारण ते पवित्र शास्त्रात आम्हाला सापडत नाहीत, एवढंच.

प्रभुभोजन हा भाग सगळ्यात जास्त दुखतो आणि यावर कितीही समजूतदार असलात तरी पहिल्यांदा टोचतंच. मिस्सात सगळे ओळीने पुढे जातात, नवरा पण, आणि तुम्ही बाकावर एकट्या. कॅथलिक विश्वासात भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, म्हणूनच उरलेलं कपाटात ठेवून समोर लाल दिवा तेवत ठेवतात आणि आत येताना गुडघा टेकतात. माहेरच्या मंडळीत पावाचे तुकडे आणि ट्रेमध्ये छोटे छोटे ग्लास फिरतात, आणि जो प्रभूवर विश्वास ठेवतो त्याला बहुधा बोलावलं जातं. कॅथलिक नियमाप्रमाणे प्रोटेस्टंटाला तिथे सहसा घेता येत नाही, आणि कॅथलिकाने प्रोटेस्टंट प्रभुभोजन घेणंही त्यांना मान्य नाही. हे दोन्ही घरच्यांना आधीच सांगा, नाहीतर लग्नाच्या दिवशी वधूचे मामा ओळीत उभे राहतात आणि कोणालातरी त्यांना बाजूला घ्यावं लागतं. त्यापेक्षा मिस्सा न घेता वचनविधीचं लग्न करा, मिश्र लग्नात कॅथलिक चर्च साधारण तेच सुचवतं, बायबल वाचन होतं, उपदेश होतो, वचनं होतात आणि अर्धा हॉल बसलेला, अर्धा उभा असं होत नाही. गाणी दोन्हीकडची ठेवा. फादर थॉमस स्टीफन्सनी १६१६ मध्ये ओव्यांत ख्रिस्ताची कथा सांगितली आणि १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग-भजनं लिहिली, एक कॅथलिक एक प्रोटेस्टंट, आपल्या मराठीत दोन्ही आहे.

कागदपत्रांचं पण बघा. चर्चमधल्या लग्नासाठी कॅथलिक बाजूला मिश्र विवाहाची परवानगी काढावी लागते आणि लग्न प्रोटेस्टंट मंडळीत करायचं तर वेगळी सूट, दोन्ही अर्ज पॅरिशमधून जातात, म्हणून हॉल बुक करण्याआधी फादरना भेटा. प्रोटेस्टंट व्यक्तीचा पाण्याने, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा झालेला असेल तर तो पुन्हा करत नाहीत, फक्त मंडळीतून दाखला आणा. उलट पेंटेकॉस्टल किंवा बाप्टिस्ट मंडळीत बाळपणीचा बाप्तिस्मा बऱ्याचदा धरत नाहीत, पाण्यात बुडवून परत घ्या म्हणतात, तिथे कॅथलिक घर खूप दुखावतं, तेव्हा तुमचे पाळकसाहेब काय म्हणतात ते आधीच विचारून ठेवा.

मिश्र विवाहाच्या परवानगीच्या त्या अर्जात कॅथलिक व्यक्ती वचन देते की मुलांचा बाप्तिस्मा आणि संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावं म्हणून आपल्याकडून होईल तेवढं सगळं करेन. प्रोटेस्टंट जोडीदाराकडून हे वचन घेत नाहीत, पण त्याला ते सांगितलेलं असलं पाहिजे असा नियम आहे. लोक ही ओळ घाईत वाचतात आणि बाळ झाल्यावर भांडतात. तुम्ही दोघांनी सही करण्याआधीच बसून ठरवा, बाप्तिस्मा कुठे, रविवारी मुलांना कुठे न्यायचं, प्रोटेस्टंटांचं संडे स्कूल की कॅथलिकांचा धर्मशिक्षणाचा वर्ग (कॅटेकिझम), आजीने रोजरी शिकवली तर चालेल का, मामाने पाठांतराला वचनं दिली तर चालेल का. आणि जे ठरेल ते दोन्हीकडच्या आईवडिलांना तुम्ही स्वतः सांगा, सोबत जाऊन, ही गोष्ट त्यांना फादर किंवा पाळकांकडून कळता कामा नये.