गोदा हे नाव कुठून आलं आणि किती जणींचं आहे, हे शोधायची रीत

नाशिकमध्ये नदीला सगळेच गोदा म्हणतात. मुलीला मात्र या नावाने मारलेली हाक आता क्वचितच ऐकू येते. बारशाच्या आधी कुणी हे नाव सुचवलं की घरात दोन प्रश्न हमखास निघतात: याचा अर्थ काय, आणि असं नाव कुणाचं असतं का? नावांच्या याद्या पहिल्या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर देतात आणि दुसऱ्याला ‘दुर्मिळ’ एवढंच लिहून मोकळ्या होतात. दोन्हींचं उत्तर पुराव्यासह शोधता येतं. इथे ते गोदा या नावावर करून दाखवलं आहे, पण रीत कुठल्याही जुन्या नावाला लागते.

सुरुवात वहीच्या एका पानाने करा. त्या नावाची सगळी रूपं लिहून काढा: गोदा, गोदावरी, गोदाबाई, गोदूबाई, गोदूताई, गोदी. ही पायरी वगळली तर पुढची सगळी मोजणी फसते, कारण दफ्तरात नाव एका रूपात असतं आणि घरात दुसऱ्याच. मोडीतली कागदपत्रं चाळणार असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, म्हणून ‘गोदु’ आणि ‘गोदू’ वेगळी धरू नका.

मग व्युत्पत्ती. कोशात विशेषनामं फारशी सापडत नाहीत, तेव्हा नाव फोडून त्यातले शब्द पाहावे लागतात. ‘गो’ म्हणजे गाय, आणि ‘दा’ म्हणजे देणारी. संस्कृतात ‘गो’चे पाणी, पृथ्वी, किरण असेही अर्थ आहेत, म्हणून ‘पाणी देणारी’ असाही अर्थ सांगितला जातो. कोशातला अर्थ आणि परंपरेची कथा मात्र दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. गौतम ऋषींनी ब्रह्मगिरीवर तप केलं, गाईला जीवदान मिळालं आणि नदी अवतरली, ही कथा त्र्यंबकेश्वरी सगळ्यांना ठाऊक आहे. गौतमी हे नदीचं दुसरं नावही त्याच कथेतलं. लोकांनी नावाचा अर्थ कसा लावला हे कथा सांगते, आणि नाव ठेवताना ते मोलाचंच आहे. पण शब्द कसा घडला याचा तो पुरावा नव्हे. प्राकृतातल्या गाथासप्तशतीत ही नदी ‘गोला’ या रूपात येते. म्हणजे लोकांच्या तोंडी हे नाव फार पूर्वीपासून एकाहून अधिक रूपांत होतं, आणि ‘गो + दा’ ही फोड त्यातल्या एकाच रूपाला बसते.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि चुकीचा अर्थ पक्का होतो तो तिथेच. हेच नाव दुसऱ्या भाषेत स्वतंत्रपणे आहे का, ते पाहा. तमिळ वैष्णव परंपरेतल्या संतकवयित्री आंडाळचं नाव कोदै. कोदै म्हणजे फुलांची माळ. संस्कृतात लिहिताना त्याचं गोदा झालं. तिचा नदीशी संबंध नाही. दक्षिणेतली एखादी गोदा भेटली तर तिचं नाव बहुधा आंडाळवरून आलेलं असतं, आणि नाशिकच्या गोदाबाईंचं नदीवरून. दोघींना एकाच यादीत घातलं की अर्थही चुकतो आणि संख्याही. कुठली गोदा हे ओळखायला नाव पुरत नाही. आडनाव, गाव आणि घरात बोलली जाणारी भाषा सोबत नोंदवा.

नदीचं नाव मुलीला देऊ नये, असं कुणी वडीलधारं म्हणेल. त्याला आधार आहे: मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, वृक्ष किंवा नदी यांच्या नावाची मुलगी वधू म्हणून टाळावी असं सांगितलं आहे. पण मराठी घरांनी तो नियम कधी मनावर घेतला नाही. गंगा, यमुना, कृष्णा, भीमा, नर्मदा, कावेरी, गोदावरी ही नावं गावोगाव होती. जुन्या वचनावरून ‘असं नाव ठेवत नसत’ असा निष्कर्ष काढू नका. प्रत्यक्षात कुणी ठेवलं, ते मोजा.

राशीचं अक्षर पाहणाऱ्यांसाठी: ‘गो’ हे शततारका नक्षत्राच्या पहिल्या चरणाचं अक्षर, रास कुंभ. 27 नक्षत्रांचे प्रत्येकी 4 असे 108 चरण, त्यातला हा एक. निव्वळ अक्षरावरून नाव ठेवणाऱ्या घरांत ‘गो’ची पाळी फार थोड्यांवर येते, हे उघड आहे.

नाव फार पुरातन असेल तर नाशिकच्या पांडवलेणीचे शिलालेख धुंडाळा. शहराच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगरातल्या या 24 लेण्यांमध्ये दान देणाऱ्या स्त्रियांची नावं कोरलेली आहेत: सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री, क्षत्रप राजा नहपानाची मुलगी आणि उषवदाताची पत्नी दक्षमित्रा, चैत्यगृह पूर्ण करवणारी भटपालिका, आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेव ठेवणारी विष्णुदत्ता. आजच्या मुलीला शोभतील अशी ही नावं आहेत आणि त्यांचा उगम तारखेच्या जवळपास सांगता येतो, ही मोठीच गोष्ट. इथे चूक होते ती वाचनात. लेखातलं प्राकृत रूप ‘बलसिरी’ आहे, पण बरेच ठिकाणी ते ‘बालश्री’ असं छापलं जातं. ‘बल’ म्हणजे सामर्थ्य आणि ‘बाल’ म्हणजे मूल. एका कान्याने अर्थ पालटतो. लेण्यात उभं राहून अक्षरं लावण्यापेक्षा शिलालेखांची वाचनं छापणाऱ्या ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडातलं वाचन पाहा.

आता दुसरा प्रश्न: किती जणी? आपल्याकडे नावांची सरकारी आकडेवारी प्रसिद्ध होत नाही. जनगणनेतली वैयक्तिक माहिती तर कायद्यानेच गोपनीय असते. सामान्य माणसाला हाताशी असलेलं सर्वांत चांगलं साधन म्हणजे मतदार यादी. तिच्यात नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय आणि लिंग असतं. एका यादी भागात साधारण हजार-बाराशे मतदार धरा, म्हणजे पाचशेच्या आसपास बायका. सहा भाग घ्या: दोन पंचवटी आणि जुन्या नाशिकचे, दोन सिडको आणि सातपूरचे, दोन निफाड किंवा सिन्नरकडच्या गावांचे. सगळे पंचवटीचेच घेतले तर नदीकाठची घरं अवाजवी मोजली जातील. सिडको-सातपूरमध्ये कारखान्यांमुळे खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत, तिथल्या नावांची धाटणी वेगळी. यादीची फाइल अनेकदा चित्ररूपात असते आणि तिच्यात शब्द टाइप करून शोधता येत नाही. डोळ्यांनीच वाचावी लागते. एका भागाला साधारण तासभर राखून ठेवा. मोजणी झाली की फक्त आकडे ठेवा. लोकांची नावं-पत्ते उतरवून पुढे पाठवू नका.

सापडलेल्या प्रत्येक नावापुढे वय लिहा आणि दहा-दहा वर्षांचे गट करा. पाच वर्षांचे गट नकोत, कारण म्हाताऱ्या माणसांची वयं 60, 65, 70 अशी अंदाजाने लिहिलेली असतात आणि आकडे तिथेच साचतात. प्रत्येक गटात एकूण बायका किती, हेही मोजा. सत्तरीच्या वरच्या शंभरात दोन गोदाबाई आणि तिशीच्या हजारात दोन गोदा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि एकही सापडली नाही तर? ‘नाव नाहीच’ असं लिहू नका. शून्य आलं की मोजलेल्या संख्येने 3 ला भागा. खरं प्रमाण जास्तीत जास्त तेवढं असू शकतं, असा संख्याशास्त्रातला ठोकताळा आहे. 3000 बायकांत शून्य म्हणजे हजारी एकपर्यंत. एक लाख बायकांत शंभर गोदा असूनही तुमच्या सहा भागांत एकही न येणं शक्य आहे.

या साधनाची मोठी उणीव मात्र लग्नात आहे. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं की दफ्तरातून माहेरचं नाव नाहीसं होतं. गोदूबाई नावाच्या विधवा मुलीचा 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. पुढची कागदपत्रं मोजणाऱ्याला तिथे गोदा दिसणारच नाही. उलटही घडतं: माहेरची दुसरीच कुणी सासरी गोदावरी होते. म्हणून म्हाताऱ्या बायकांच्या बाबतीत मतदार यादी सासरची आवड दाखवते, जन्माच्या वेळची नव्हे. ज्या नावाला आपण दुर्मिळ म्हणतो ते कित्येकदा फक्त पुसलं गेलेलं असतं.

माहेरचं नाव मिळण्याच्या जागा तीन. पहिली शाळेचं जनरल रजिस्टर, कारण मुलगी शाळेत जाते तेव्हा लग्न व्हायचं असतं. आजी शिकलेली असेल तर त्याच शाळेतून तिच्या नोंदीचा उतारा मागा. दुसरी गावाचं कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, गाव नमुना 14. ते तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून पाहता येतं. तिथली अडचण आधीच माहीत असू द्या: नोंद जन्मानंतर लगेच व्हायची, तेव्हा बारसं झालेलं नसायचं, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी बापाचं नाव आणि पुढे नुसतं ‘मुलगी’ एवढंच असतं. जमिनीचे जुने फेरफारही चाळा. ‘गोदाबाई कोम अमुक’ किंवा ‘भ्रतार अमुक’ दिसलं तर ते सासरचं नाव, ‘कोम’ आणि ‘भ्रतार’च्या पुढे नवरा असतो.

तिसरी जागा नाशिकची खास: रामकुंडावरच्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या. कुठल्या घराचे उपाध्ये कोण हे मूळ गाव आणि आडनावावरून ठरतं, म्हणून आज राहता ते गाव सांगू नका, पूर्वजांचं सांगा. आजोबा-पणजोबांची नावं आणि अंदाजे साल लिहून न्या, घरातलं एखादं म्हातारं माणूस सोबत घ्या. अस्थिविसर्जनाला किंवा श्राद्धाला आलेल्यांनी स्वतः सांगितलेली नावं तिथे उतरवलेली असतात, त्यात आई, आजी, सुना येतात. विचारल्याशिवाय फोटो काढू नका, आणि पर्वणीच्या दिवशी जाऊ नका. वही निवांत उघडून दाखवायला कुणाला वेळ नसतो.

आंतरजालावर शोधताना नुसतं ‘गोदा’ टाकलं तर गोदाघाट, गोदाकाठ आणि नदीच्या पुराच्या बातम्या येतात. ‘गोदाबाई’, ‘गोदूताई’ टाकून पाहा. गोदूताई परुळेकरांसारख्या (1907–1996) ज्ञात स्त्रिया तशाच सापडतात. रोमन लिपीत शोधू नका. तिथे द आणि ड एकच असल्याने गोड्या मसाल्याच्या पाककृतींचा ढीग समोर येतो.

हीच अडचण मुलीच्या कागदपत्रांतही येते. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते; नाव ठरलं नसेल तर नोंद नावाशिवाय करून घ्या आणि 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घाला, नंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत घालता येतं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांसाठी महाराष्ट्रात नावाचा क्रम बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मदाखला हाच आधार धरला जातो, म्हणून त्यावरचं देवनागरी नाव सही करण्याआधी अक्षर न् अक्षर तपासा. ‘द’च्या जागी ‘ड’ पडला असेल तर तो तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या, आणि रोमन स्पेलिंग एकदा ठरवून सगळीकडे तेच लिहा.