नोकरी सुटली, लॅपटॉप परत दिला आणि आपल्या फायली त्यातच राहिल्या, आता काय करायचं

सगळ्यात आधी एकच काम करा, एचआरला आणि आयटीला आजच्या आज कळवा की माझ्या काही खासगी फायली लॅपटॉपमध्ये राहिल्यात, तो अजून फॉरमॅट करू नका. बाकी सगळं नंतर. परत आलेला लॅपटॉप आयटीवाले पुसून दुसऱ्या कोणाला तरी देतात, काही ठिकाणी लगेच, काही ठिकाणी तो कपाटात पडून असतो, आणि तुमचा कुठे आहे हे बाहेरून कळत नाही. फोन करा पण मागोमाग मेलही टाका, पर्सनल मेलवरून, कारण ऑफिसचा मेल बहुतेक बंद झालेला असतो.

मेल कसा लिहायचा ते महत्त्वाचं आहे. नुसतं "माझा पर्सनल डेटा द्या" लिहिलं तर काम होत नाही, आयटीवाला तुमचे सगळे फोल्डर उघडून यातलं तुमचं कुठलं आणि कंपनीचं कुठलं हे ठरवत बसणार नाही आणि एचआर सरळ नाही म्हणून मोकळं होईल. म्हणून एम्प्लॉयी कोड, शेवटचा दिवस, लॅपटॉपवर चिकटवलेला अ‍ॅसेट नंबर आठवत असेल तर तो, आणि मग नेमकी यादी: डेस्कटॉपवर 'घर' नावाचा फोल्डर, त्यात एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीचा उतारा), मुलीचा जन्मदाखला, आईचे मेडिकल रिपोर्ट, चवथीचे फोटो. शेवटी ही ओळ घाला की फायली तुम्ही आधी तपासा, कंपनीचं काही निघालं तर काढून टाका, हवं तर मी येऊन समोर बसतो. परवानगी देणाऱ्याला भीती असते ती कंपनीचा डेटा बाहेर जाण्याची, ती भीती तुम्ही आधीच काढून टाकली की हो म्हणणं त्याला सोपं जातं. मॅनेजरलाही कॉपीत ठेवा. आयटीतला मित्र कितीही जवळचा असला तरी त्याला गुपचूप काढून द्यायला सांगू नका, पकडला गेला तर नोकरी त्याची जाईल.

यादी करताना फक्त डेस्कटॉप आठवतो, पण अर्ध्या गोष्टी डाउनलोड्समध्ये असतात, थोड्या डॉक्युमेंट्समध्ये आणि पिक्चर्सच्या आत स्क्रीनशॉट्समध्ये. ब्राउजरचे बुकमार्क आणि स्टिकी नोट्सही.

आता लॅपटॉप फॉरमॅट झालाच असं उत्तर आलं तरी लगेच आशा सोडू नका. बऱ्याच कंपन्यांत डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर कंपनीच्या वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन स्टोरेजला, जोडलेले असतात, म्हणजे तुम्हाला वाटतं फाइल लॅपटॉपवर आहे पण तिची कॉपी वरही गेलेली असते. तुमचं अकाउंट डिलीट केल्यावरही वनड्राइव्ह डिफॉल्ट सेटिंगमध्ये ३० दिवस राहतं. कंपनी गूगल वर्कस्पेसवर असेल तर डिलीट केलेला युजर अ‍ॅडमिन २० दिवसांपर्यंत परत आणू शकतो. म्हणून विचारताना "लॅपटॉपवर नसेल तर माझ्या वनड्राइव्हमध्ये किंवा ड्राइव्हमध्ये बघाल का" असं स्पष्ट विचारा, आणि हे दिवस पटापट संपतात म्हणून चवथीची सुट्टी संपू दे मग बघू असं करू नका.

लॅपटॉप अजून तुमच्याकडेच असेल, म्हणजे कंपनी पुण्याची किंवा बेंगळुरूची आणि तुम्ही म्हापशाला किंवा फोंड्याला घरून काम करत होता आणि आता कुरियरने परत पाठवायचाय, तर मोह होतो की लॉगिन चालतंय तोवर सगळं उचलून घेऊया. नका करू. नोकरी सुटली की तुमची परवानगीही संपलेली असू शकते आणि मशीन तर कंपनीचंच आहे. आयटी अ‍ॅक्ट २००० चं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय डेटा कॉपी करण्याबद्दल आहे, तेच अप्रामाणिकपणे केलं असं ठरलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलांच्या फोटोंसाठी कोणी तुरुंगात घालत नाही हे खरं, पण घाईत अख्खा फोल्डर कॉपी करताना त्यात क्लायंटची एक एक्सेल शीट गेली तर समजावत बसावं लागेल. आधी मेलवर लेखी हो घ्या, मग फक्त यादीतलंच कॉपी करा.

हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायचा सल्लाही कोणी ना कोणी देतोच. कंपनीच्या लॅपटॉपला बहुधा बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, असतो, ४८ अंकी रिकव्हरी कीशिवाय डिस्क उघडत नाही आणि ती की आयटीकडे असते. आणि एसएसडी फॉरमॅट झाली की रिकव्हरी सॉफ्टवेअरला सहसा काही सापडत नाही, दुकानात पैसे घालवू नका.

तोवर एक गोष्ट घरी बसून करा, यादीतलं काय काय लॅपटॉपशिवाय मिळतं ते बघा, माझ्या मते निम्मं तरी मिळेल. एक-चौदा गोवा सरकारच्या सेटलमेंट अँड लँड रेकॉर्ड्स खात्याच्या साइटवरून परत काढता येतो. आधार, पॅन, लायसन्स डिजिलॉकरमध्ये. पीएफचं पासबुक यूएएन (तुमचा पीएफ नंबर) टाकून ईपीएफओच्या साइटवर. फॉर्म १६ आणि पगाराच्या स्लिपा मात्र एचआरकडूनच मागा, लॅपटॉपमधून नव्हे, त्या द्यायचं काम त्यांचंच आहे. क्रोममध्ये पर्सनल जीमेलने सिंक चालू होतं तर पासवर्ड आणि बुकमार्क दुसऱ्या मशीनवर लॉगिन केल्यावर दिसतील. आणि झेरॉक्सवाल्याला प्रिंटसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या पीडीएफ त्या चॅटमध्ये अजून असतील, तिथे नक्की बघा.

आयटीकडून फायलींचा पेन ड्राइव्ह हातात मिळाला तर तिथल्या तिथे समाधान मानू नका. काही कंपन्यांच्या मशीनवर पेन ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट होतो, मग फाइल ऑफिसातच उघडते आणि घरी नाही, त्यामुळे दुसऱ्या साध्या लॅपटॉपवर उघडून बघा आणि मगच "मिळालं, आता पुसायला हरकत नाही" असा मेल करा. वेर्ण्याच्या एखाद्या प्लांटमध्ये जाणार असाल तर गेटवर पेन ड्राइव्ह आत नेऊ देतात का हे आधी विचारून घ्या.

मग फोनवरून व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमधून तो लॅपटॉप काढा, गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये जाऊन तिथूनही साइन आउट करा. आणि बँक, इन्कम टॅक्स, आधार, यूएएन यातल्या कुठेही ऑफिसचा मेल किंवा कंपनीचं सिम लावलेलं असेल तर एचआरला पहिला मेल गेला की लगेच तो मेल आणि नंबर बदला, फायली मिळायची वाट बघू नका, कारण ते सिम उद्या दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हातात जाईल आणि तुमचे ओटीपी त्याच्या फोनवर येतील.