दिवाळीनंतर कुटारावर घ्या धिंगरी अळिंबी

सोयाबीनची मळणी आटोपली की कुटाराचा ढीग बांधावर पडतो. त्यातलं जनावरांपुरतं ठेवून उरलेल्यावर धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, घेता येते. तिला 20 ते 30 अंश तापमान आणि 80 ते 90 टक्के आर्द्रता लागते. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यासाठी बरा. उन्हाळ्यात या भानगडीत पडू नका, कूलरचाच खर्च परवडत नाही.

कुटार याच हंगामातलं आणि कोरडं हवं. पावसात भिजून काळं पडलेलं फुकट मिळालं तरी घेऊ नका. ही अळिंबी प्लास्टिकच्या बॅगेत कुटार भरून घेतात; नुसतं बारीक कुटार त्यात दबून बसतं, म्हणून त्यात गव्हांडा किंवा धानाची तणस मिसळा. कपाशीची पऱ्हाटी चालते, पण श्रेडरमधून बारीक केलेली; नवख्यांनी ती पुढच्या वर्षासाठी ठेवावी.

रात्रभर भिजवलेलं कुटार निथळून 80 अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवा. मग स्वच्छ ताडपत्रीवर सावलीत पसरा. बहुतेकांचा माल बिघडतो तो इथेच, घाईमुळे. मूठभर कुटार घट्ट दाबून पाहा: बोटांतून पाणी ठिबकलं तर अजून थांबा, ठिबकलं नाही पण तळहात ओलसर लागला, की भरायला घ्या. जास्त ओल राहिली तर आंबूस वास येतो आणि हिरवी बुरशी धरते. अशी बॅग खोलीत न उघडता लांब नेऊन पुरा.

बॅगा भरताना 100 किलो ओल्या कुटाराला 2 किलो स्पॉन, म्हणजे अळिंबीचं बियाणं, थराथराने टाका. स्पॉनसाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात आधीच नोंदणी करा. बॅगेला भोकं पाडून अंधाऱ्या खोलीत ठेवली की 15 ते 20 दिवसांत ती पांढरीफट्ट होते. मग प्लास्टिक काढा, थोडा उजेड आणि हवा खेळू द्या, दिवसातून दोन-तीनदा फवाऱ्याने पाणी मारा. छत्रीच्या कडा वर वळण्याआधी, पिळ देऊन तोडा. त्या दिवशी तोडणीआधी पाणी मारू नका. खोलीत जाताना तोंडाला रुमाल बांधा, बीजाणूंनी खोकला लागतो.

किलोभर वाळल्या कुटारामागे अर्धा ते एक किलो ताजी अळिंबी धरा. विक्रीचं मात्र आधी बघा. भंडारा-गोंदियाकडे पावसाळ्यात रानात उगवणाऱ्या सात्या अळिंबीवर गिऱ्हाईक तुटून पडतं, धिंगरीला ते शोधावं लागतं. पहिल्या खेपेला वीस-पंचवीस बॅगाच लावा. न खपलेला माल त्याच दिवशी उन्हात वाळत घाला; दहा किलोचा साधारण एक किलो उरतो, पण हवाबंद डब्यात महिनोन्महिने टिकतो.