जमिनीत शिसं निघालं तर काय लावायचं

मागच्या महिन्यात एक मित्र म्हणाला, भाऊ, असं एखादं झाड सांग ना जे शिसं खाऊन टाकते. त्याने प्लॉट घेतला तिथे आधी जुन्या बॅटऱ्या फोडायचे, कोपऱ्यात काळ्या मातीच्या भेगांमधे अजून राखाडी भुकटी दिसते. तर बाप्पा, शिसं कोणीच खात नाही. डिझेल सांडलं असतं तर बॅक्टेरियांनी फोडून पचवलं असतं, पण शिसं मूलद्रव्य आहे, ते फुटत नाही, फक्त जागा नाहीतर रूप बदलते.

पहिले माती तपासा. आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीसारखा १५ सेंमी खड्डा, प्लास्टिकचं खुरपं नि प्लास्टिकचंच घमेलं, भुकटीवाल्या कोपऱ्याचा नमुना वेगळा ठेवा. लॅबमधे शिसं-कॅडमियम पाहिजे असं मुद्दाम सांगा, नाहीतर नेहमीचा एनपीके (नत्र-स्फुरद-पालाश) आणि पीएचचा (आम्ल-अल्कलीचा) कागद हातात येतो.

आता हिशोब. नेटवर सगळे मोहरी लावा म्हणतात, ती शिसं ओढून घेते म्हणून. एकरभर १५ सेंमी माती म्हणजे अंदाजे साडेआठ लाख किलो, त्यात शिसं किलोमागे फक्त १० मिलिग्रॅम कमी करायचं तरी साडेआठ किलो शिसं बाहेर काढा. मोहरीचा वाळलेला पाला धरा दोन टन, त्यात किलोमागे १०० मिलिग्रॅम शिसं चढलं तर वर्षाला निघालं २०० ग्रॅम, म्हणजे ४० वर्षं मोहरीच पेरत बसा! काही जण ईडीटीए (धातू पकडून पाण्यात विरघळवणारं रसायन) टाकून शिसं मोकळं करा म्हणतात, ते विहीर-बोअर असलेल्या प्लॉटवर चुकूनही करू नका, पिकात चढायच्या आधी खाली पाण्यात जाईल.

म्हणून माझं मत, शिसं ओढू नका, जागेवर बांधून ठेवा. आपली काळी माती चुनखडीची, पीएच बहुतेक ८ च्या आसपास, त्यात शिसं तसंही कमी हलते, चुना वगैरे काही टाकायची गरज नाही. भुकटीवाली माती उकरून काढून वेगळी करा, ती धोकादायक कचरा म्हणूनच जाईल. बाकी जमिनीत भरपूर कुजलेलं शेणखत, थोडं सिंगल सुपर फॉस्फेट (शिसं त्याच्याशी घट्ट बसते), आणि पावसाळा लागला की वाळ्याचे ठोंब, मुळाखाली चमचाभर मायकोरायझा (मुळांशी जोडी करून राहणारी बुरशी). फॉस्फेट भसाभस टाकाल तर ही बुरशी मुळाशी जमत नाही, हे लक्षात ठेवा. वाळा धातू बराचसा मुळातच अडवून ठेवतो आणि धूळ उडू देत नाही, आणि खरा धोका धुळीचाच, लेकरं तिथेच खेळतात.

हे काही हवेतलं नाही. आपल्याच नागपूरच्या नीरीने (पर्यावरण संशोधन संस्था) सावनेरकडच्या गुमगावला मॅंगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर प्रेसमड (साखर कारखान्याची मळी), रायझोबियम नि अॅझोटोबॅक्टर (हवेतलं नत्र बांधणारे बॅक्टेरिया) आणि मायकोरायझा वापरून झाडं उभी केली. मॅंगनीज तिथेच आहे, पण ढिगारा हिरवा झाला.

क्रोमियम असेल तर गोष्ट वेगळी, तिथे काही बॅक्टेरिया विषारी सहा-वाल्या क्रोमियमचं (क्रोमियम-६) कमी विषारी तीन-वालं (क्रोमियम-३) करतात.

पालक, सांबार (कोथिंबीर), मुळा त्या मातीत नाही, कुंडीत लावा. वाळ्याचा पाला गुरांना घालू नका, जाळू पण नका. आणि उन्हाळ्यात त्या मुळ्या उपटून कूलरच्या ताटीत किंवा माठात टाकायचा मोह होईल, तेवढं मात्र करू नका, शिसं तिथेच बसलेलं असते.