आभासी खेळात खेळाडू हरवून जावा म्हणून

इंदूरचा राजवाडा आभासी वास्तवाच्या खेळात उभा करायचा असेल, तर देखण्या चित्रांआधी वेगाकडे लक्ष द्यावे. डोके वळल्यापासून नवे दृश्य डोळ्यांपुढे येईपर्यंत साधारण 20 मिलिसेकंदांहून अधिक वेळ जाऊ नये आणि सेकंदाला 90 चौकटी (फ्रेम) मिळाव्यात. एरवी दृश्य मागे रेंगाळते, डोळे आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय यांचा मेळ बसत नाही आणि मळमळू लागते. डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटच्या भिंगांमधील अंतरही खेळाडूच्या डोळ्यांप्रमाणे जुळवून घ्यावे.

त्यानंतर आवाज. इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, कढईत जलेबा (मोठी जिलेबी) सोडल्याचा चर्र आवाज उजवीकडून येत असेल, तर खेळाडू उजवीकडे वळल्यावर तो समोरून यायला हवा.

माझ्या मते हाताला मिळणारा प्रतिसाद याहूनही मोलाचा आहे. राजवाड्याच्या खालच्या दगडी मजल्यांवर भिंतीला हात टेकताच हातात धरलेल्या कंट्रोलरने ठाम, तुटक धक्का द्यावा. वरच्या लाकडी मजल्यांवर दार ढकलताना मात्र संथ कंप जाणवावा. उचलता येईलसे दिसणारे प्रत्येक भांडे खरोखर उचलता आले पाहिजे, कारण एकदा हात त्यातून आरपार गेला, की आपण तिथे आहोत हा विश्वास तिथेच तुटतो.