बायोडाटात जिनिंगचा हंगाम लिहा
नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत अर्ज टाकणारी आपल्याकडची पोरं ‘अनुभव’समोर सरळ ‘नाही’ लिहून मोकळी होतात. अन् त्यातलाच एखादा दिवाळीनंतर चार महिने जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, वजनकाट्यावर बसलेला असतो! ते लिहा. पण ‘जिनिंगमध्ये काम केले’ एवढंच नको. ‘कापसाच्या गाड्यांचे वजन, पावत्या, एक्सेलमध्ये नोंद, रोज ४० ते ५० गाड्या’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला कामाचा अंदाज येतो. आकडा मात्र खरा टाका, मुलाखतीत त्यावरच बोट ठेवतात.

जात, रास, उंची काढून टाका. तो लग्नाचा बायोडाटा झाला. आयटीआयचा ट्रेड, एमएस-सीआयटी, टायपिंग मिनिटाला ३० शब्द की ४०, हे वरच्या अर्ध्या पानात आलं पाहिजे. एक पान पुरे.

तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार नमुना असतो. त्यात आधीच्या पोराचा ईमेल तसाच राहिलेला मी दोनदा पाहिलाय. पीडीएफ घेण्याआधी छापलेला नंबर स्वतः लावून बघा. वावरात रेंज नसेल तर घरचा दुसरा नंबरही द्या, अन् कंपनीचा फोन येऊ शकतो हे घरी सांगून ठेवा.