भर दुपारी सोलर बंद पडायचा, दोष केबलचा निघाला

५ किलोवॉटचा सिंगल फेज ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे सोलरची वीज घराला आणि उरलेली लाइनला देणारा. सकाळी ठीक, ऊन तापलं की स्क्रीनवर 'ग्रिड ओव्हरव्होल्टेज' आणि बंद. खापर लाइनवर फुटत होतं. भर उन्हात दोन्ही टोकांना मल्टिमीटर लावला: मीटरपाशी २४४ व्होल्ट, इन्व्हर्टरपाशी २५५. मधे ३५ मीटर केबल, तीही २.५ चौरस मिमी. २२ अँपिअरला जाऊन-येऊन ७० मीटर तारेत ११ व्होल्ट चढतात. इन्व्हर्टरची मर्यादा २५३ व्होल्टची. सेटिंगमध्ये मर्यादा वाढवून देणारे भेटतात. ते करू नका, केबल तापतच राहते.

१० चौरस मिमी तांब्याची केबल टाकली, चढ ३ व्होल्टच्या आत आला.

घरची डीबी (वीज वाटणारी पेटी) उघडली तर इन्व्हर्टरकडून आलेली तार थेट तिच्या बसबारवर, म्हणजे सगळे स्विच जोडलेल्या तांब्याच्या पट्टीवर. मेनच्या एमसीबीमधून (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) ३२ आणि सोलरचे २२, मिळून ५४ अँपिअर एकही एमसीबी न पडता बसबारमधून जाऊ शकतात. आता सोलरला स्वतंत्र ३२ अँपिअरचा डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी, जोड मीटरनंतर लगेच, घरच्या मेनच्या आधी. न्यूट्रलचा स्क्रू सैल होता, इन्सुलेशन तपकिरी पडलेलं. तेवढा तुकडा कापून नवा लग (तारेच्या टोकाचा धातूचा जोड) दाबला.

काम करताना आधी एसी बंद, मग डीसी आयसोलेटर, म्हणजे सोलर पॅनेलकडचा स्विच. उन्हात सोलर पॅनेलच्या तारा तरीही जिवंतच असतात. लोड चालू असताना एमसी-फोर कनेक्टर (या तारा जोडणारा) ओढला तर नुसती ठिणगी नाही, सलग जाळ धरतो.